पंधरा झाले का?

आमचा रग्बी क्लब २०२५च्या हंगामात सगळे सामने हरला, असा अपप्रचार आमच्या भागात चालू आहे. तो साफ खोटा आहे. काही सामने आम्ही खेळलोच नाही. माणसं जमली नाहीत म्हणून सोडून दिलेला सामना हा हरलेला सामना नव्हे, असं आमच्या चिटणिसांचं ठाम मत आहे. गुणतक्त्यात तो हरलेलाच दिसतो, पण गुणतक्ते करणाऱ्यांना भावना नसतात.

उरलेले सामने मात्र आम्ही हरलो, आणि मोकळ्या मनाने हरलो. हरण्यात आम्हाला कसलीच अडचण आली नाही. रग्बीत हरायला ऐंशी मिनिटं पुरतात. चाळीस अधिक चाळीस, मध्ये लिंबूपाणी. खरी अडचण त्या ऐंशी मिनिटांच्या आधीच्या आठवड्यात असते. पंधरा धडधाकट माणसं एकाच रविवारी, एकाच मैदानावर, एकाच वेळी आणि जमलंच तर एकाच रंगाच्या जर्सीत उभी करायची, हा आमच्या क्लबाचा मुख्य खेळ आहे. ते एकदा साधलं की समोर कोण आहे हा किरकोळ तपशील.

मी या क्लबाचा खजिनदार. रग्बी मी कधीच खेळलो नाही. माझा पुतण्या खेळायचा. तो नोकरीला बंगळुरूला गेला आणि मी मागे राहिलो, कारण वर्गणीची वही माझ्याकडे होती. हौशी संस्थांत पदं अशीच मिळतात. कुणी तरी निघून जातं आणि कागद कुणाच्या तरी घरी राहतात. मुलं मला काका म्हणतात. आठवडाभर नुसतं 'काका', आणि वर्गणी मागितली की 'काका, पुढच्या रविवारी नक्की'.

सोसायटीत मला विचारतात, "ते हेल्मेट घालून खेळतात तेच ना?" मी सांगतो, ते अमेरिकन फुटबॉल. "मग तुमच्यात हेल्मेट नसतं?" नसतं. "का?" या प्रश्नावर मी आजवर समाधानकारक उत्तर देऊ शकलेलो नाही. एका गृहस्थांना नियम समजावून सांगत होतो. पुढे जायचं असतं, पण हाताने चेंडू पुढे फेकायचा नाही; फेकायचा तो मागेच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आपल्या सोसायटीच्या पुनर्विकासासारखं." या लेखात मी एवढी एकच उपमा वापरणार आहे, आणि तीही माझी नाही.

इंग्लंडात रग्बी थंडीत खेळतात. मुंबईला थंडी येत नाही, म्हणून इथे पावसात खेळतात. त्याला कारण आहे. जानेवारीत आमच्या मैदानावर एखाद्याला पाडलं तर जमीन त्याची सालं काढते. जुलैत तोच माणूस चिखलातून चार हात घसरत जातो आणि हसत उठतो. ही पद्धत जुनी आहे. १९३३मध्ये भारतातली पहिली क्रिकेट कसोटी जिथे झाली, लाला अमरनाथांनी जिथे शतक ठोकलं, त्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पावसाळा आला की रग्बीचे खांब उभे राहतात. जिमखाना १८७५चा. त्या मैदानाला हिरवळ आहे, मागे टुमदार इमारत आहे, समोर आझाद मैदान आहे. आमच्या उपनगरातल्या मैदानाला एका कोपऱ्यात शंकराचं देऊळ, दुसऱ्या कोपऱ्यात उभे केलेले टेम्पो आणि मधोमध क्रिकेटची पिच आहे. नियमानुसार रग्बीचं मैदान शंभर मीटरपेक्षा लांब नसावं. हा एक नियम आम्ही काटेकोरपणे पाळतो.

पाऊस पडेपर्यंत ही सगळी जमीन क्रिकेटची. टेनिस बॉलचे इतके सामने एकात एक गुंतलेले असतात की एका सामन्याचा डीप मिडविकेट हा दुसऱ्या सामन्याचा स्लिप असतो आणि तिसऱ्यात त्याला कुणी तरी बाद दिलेलं असतं. त्या लोकांना हटवण्याची ताकद फक्त वरुणराजात आहे. २०२५मध्ये तो २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. इतक्या लवकर मान्सून आल्याची नोंद हवामान खात्याकडे नव्हती. क्रिकेटवाले स्टंप उपटून पळाले, मैदान मऊ लुसलुशीत झालं, आणि आमचे खेळाडू गावी होते. आंबे संपायचे होते, फणस उरले होते, दोघांची लग्नं होती, त्यातलं एक खेळाडूचं स्वतःचं. जूनमध्ये सगळे परतले, तोवर पावसाने दडी मारली. क्रिकेटवाले स्टंप घेऊन परत आले. आम्ही देवळाच्या बाजूला उरलेल्या पट्ट्यात पासिंगचा सराव केला. चेंडू मागे टाकायचा सराव असल्यामुळे आम्ही हळूहळू टेम्पोंपर्यंत पोचलो.

तेवढ्यात अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग सुरू झाली. पहिलाच हंगाम. सहा संघ, सात-सात जणांचा झटपट खेळ, ऑलिंपिक खेळलेले परदेशी गडी, दिवे, ढणढणाट. भारतीय रग्बीची धुरा सध्या राहुल बोस यांच्याकडे आहे. लोक त्यांना नट म्हणून ओळखतात, पण १९९८मध्ये भारत पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला त्या संघात ते होते. आमची मुलं अंधेरीला जाऊन सामने बघून आली आणि पेटली. पुढच्या सरावाला मैदानात माणूस मावेना. मी पहिल्यांदाच हजेरीचं दुसरं पान उघडलं. काहींनी फिजीच्या खेळाडूंसारखे केस कापून घेतले होते. प्रत्येकाला कडेने चेंडू घेऊन पळायचं होतं. स्क्रममध्ये मान घालून ढकलायला कुणीच तयार नव्हतं, कारण स्क्रममधल्या माणसाचे केस टीव्हीवर दिसत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात निम्मे आले. तिसऱ्यात जुनेच उरले, फक्त त्यांचे केस नवे होते.

रग्बी युनियन १९९५मध्ये अधिकृतपणे व्यावसायिक झाली, म्हणजे खेळण्याचे पैसे घेणं हा गुन्हा राहिला नाही. ही बातमी अजून आमच्याकडे पोचायची आहे. आमच्याकडे खेळाडूच क्लबाला पैसे देतो, निदान देईन असं म्हणतो. घरच्यांचा प्रश्न याहून व्यावहारिक असतो: "सर्टिफिकेट मिळतं का?" राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि आमच्या अर्ध्या मुलांचा डोळा पोलीस भरतीवर असतो. भरतीत सोळाशे मीटर धावावं लागतं, गोळा फेकावा लागतो. त्यामुळे आमच्याकडे एक असा मोसम येतो की सगळा संघ मैदानाला चकरा मारत असतो आणि चेंडूला कुणी हात लावत नाही. गोळा मात्र सगळे पुढे फेकतात.

पैशाचं हे दुखणं खेळाइतकंच जुनं आहे, आणि यात मला खरोखर रस आहे. उत्तर इंग्लंडात रग्बी खेळायचे ते गिरण्यांतले आणि खाणींतले कामगार. शनिवारचा सामना म्हणजे त्यांचा खाडा. क्लब म्हणाले, निदान खाड्याची भरपाई तरी देऊ. लंडनच्या साहेबांचं म्हणणं पडलं की ज्याला खाडा परवडत नाही त्याने खेळूच नये. शेवटी ऑगस्ट १८९५मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे वीसेक क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. त्यातून रग्बी लीग हा निराळाच खेळ झाला. लालबाग-परळच्या माणसाला या भांडणात बाजू कुणाची घ्यायची हे सांगावं लागत नाही. पुढे १९०६मध्ये या मंडळींनी पंधराऐवजी तेरा खेळाडू ठेवले. किती दूरदृष्टीची माणसं!

आमचे दोन्ही विंगर घरपोच जेवण पोचवणाऱ्या कंपन्यांसाठी दुचाकी चालवतात. पाऊस धो धो पडला की ऑर्डरी वाढतात आणि प्रत्येक फेरीमागे जादा पैसे मिळतात. त्यातही रविवारची दुपार म्हणजे सुगी. आता मुंबईत रग्बी फक्त पावसात खेळतात, आणि फक्त रविवारी. म्हणजे मैदान जितकं खेळण्याजोगं, तितकी विंगरला मैदानाबाहेर किंमत जास्त. एकदा कॅप्टनने फोन केला तर थोरला विंगर म्हणाला, "येतो ना, पण खाडा पडेल. क्लब काय देईल?" कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं. मी वही पाहिली. "वडापाव," मी म्हणालो, "आणि चहा." पलीकडे बराच वेळ फक्त पावसाचा आवाज येत होता. तरी तो आला. उत्तरार्धात आला, पाठीवरची पेटी उतरवून तसाच मैदानात शिरला, आणि सामना संपल्यावर आमच्याच विरोधी संघाला बिर्याणी पोचवून गेला.

आमच्या मेसेजच्या गटावर दर शुक्रवारी कॅप्टन एकच प्रश्न टाकतो: पंधरा झाले का? खाली अंगठे येतात. अंगठ्यांचा हिशोब मी जवळून पाहिला आहे. काही अंगठे 'येतो' असं सांगतात, काही 'वाचलं' असं सांगतात, आणि एक अंगठा दर आठवड्याला माझ्या पुतण्याचा असतो. तो बंगळुरूहून देतो. रविवारी सकाळी मग मेगाब्लॉकची आठवण होते. जलद मार्गावर ब्लॉक असला की फॉरवर्ड अडकतात आणि धीम्या मार्गावर असला की बॅक. हा योगायोग आहे असं रेल्वेचा एक कर्मचारी मला म्हणाला. तो आमचा फुलबॅक आहे, आणि तोही अडकलेला होता.

जुलैतल्या एका सामन्याला मात्र चौदा जण वेळेवर हजर होते आणि पंधरावा मैदानाच्या वाटेवर दिसत होता, त्यामुळे वातावरण उत्सवी होतं. त्या दिवशी आमच्या हुकरची आई आली. हुकर म्हणजे स्क्रममध्ये पहिल्या रांगेत मधोमध, दोन्ही हात दोन प्रॉपांच्या खांद्यांवर अडकवून वाकलेला, नाकाला खाज सुटली तरी काही करू न शकणारा माणूस. मुलगा 'बॉल खेळायला जातो' एवढंच घरी माहीत होतं. तो न खाता निघाला म्हणून काकू डबा घेऊन आल्या होत्या. माझ्या शेजारी खुर्चीवर बसल्या, "यातला आमचा कुठला?" विचारलं. चिखलाने सगळे सारखे झाले होते, त्यामुळे मीही अंदाजानेच बोट दाखवलं. तेवढ्यात कुणाला तरी पाडलं, दोन्हीकडचे लोक धावून गेले आणि चेंडूसाठी एकमेकांना रेटू लागले. सगळ्यांत खाली कोण आहे ते काकूंनी चपलेवरून नव्हे, पायमोज्यावरून ओळखलं. मोजा त्यांनी रफू केलेला होता. काकूंनी छत्री मिटली आणि मैदानात शिरल्या.

रग्बीत रेफरीशी फक्त कॅप्टन बोलतो, तेही 'सर' म्हणून. निर्णय चुकला असं वाटलं तरी कुणी अंगावर धावून जात नाही. ही शिस्त मला या खेळात सगळ्यांत जास्त आवडते. आमच्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये पंच होण्याआधी माणूस घरी सांगून येतो. पण खेळाचे एकवीस नियम आणि त्यांची असंख्य पोटकलमं चाळली तरी आईसाठी तरतूद सापडत नाही.

"काकू, तुम्ही बाहेर थांबा," रेफरी म्हणाले.

"मी थांबते हो. तुम्ही आधी त्याला बाहेर काढा. आणि हा कोण वर पसरलाय? ऊठ रे!"

वर पसरलेला समोरच्या संघाचा भलाथोरला लॉक होता. तो "सॉरी काकू" म्हणत उठला. त्याच्या मागोमाग सगळे शाळेतल्यासारखे उठून बाजूला झाले. चेंडू मोकळा पडला, आणि शिट्टी वाजायची राहिली. आमच्या स्क्रमहाफने तो उचलला आणि कुणी अडवायच्या आत ट्रायरेषा ओलांडून टेकवला. रेफरींनी भानावर येऊन तो ट्राय रद्द केला. निर्णय बरोबरच होता, आणि समोरच्या कॅप्टननेही त्यावर काकूंसमोर काही बोलायचं टाळलं. पण हंगामभरात आम्ही त्या रेषेपलीकडे फारसे गेलेलो नसल्यामुळे त्या क्षणाचा फोटो चिटणिसांनी जपून ठेवला आहे. फोटोत छत्रीचं टोक दिसतं. मध्यंतरात डबा दोन्ही संघांनी संपवला, आणि काकूंच्या नावाचा नोंदणी अर्ज भरता येईल का, याची कॅप्टनने गंभीरपणे चौकशी केली.

एका बाबतीत आम्ही थट्टा करत नाही. डोक्याला मार बसल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडूला बाहेर काढायचं आणि त्या दिवशी परत आत सोडायचं नाही, हा नियम आहे आणि तो चांगला आहे. मैदानावर त्याला काही ठरावीक प्रश्न विचारतात: आपण कुठल्या मैदानावर आहोत, पूर्वार्ध चालू आहे की उत्तरार्ध, शेवटचे गुण कुणी केले, मागचा सामना कुणाशी होता, आणि तो आपण जिंकलो का. आमच्या सेंटरला ऑगस्टच्या सुरुवातीला जोरात धक्का बसला. त्याने पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं अचूक दिली. पाचव्याला म्हणाला, "जिंकलो." फिजिओने त्याच क्षणी त्याला रुग्णवाहिकेकडे पाठवलं. तो जाता जाता ओरडत होता, "अहो, मला वाटलं तुम्ही धीर द्यायला विचारताय!"

त्यानंतर सण सुरू झाले आणि आमचा हंगाम संपल्यात जमा झाला, जरी कागदावर तो ऐन भरात होता.

आमचे दोन्ही प्रॉप सख्खे भाऊ आहेत. दोघांचे खांदे असे की दारातून आडवं यावं लागतं. हे दोघे एका गोविंदा पथकात तळाच्या थरात उभे राहतात, आणि गुरुपौर्णिमेला पथकांचा सराव सुरू झाला की क्लबाला कमी कमी दिसू लागतात. त्यांना दोष देण्याची माझी प्राज्ञा नाही. दहीहंडीला सरकारने २०२२मध्ये साहसी खेळाचा दर्जा दिला, गोविंदांना विमा दिला. आम्ही फार तर आयोडेक्सची अर्धी बाटली देतो, तीही परत मागतो. २०२५मध्ये तर ठाण्यात दहा थर लागले. दहा थरांच्या जमान्यात दोन खांब आणि एक लंबगोल चेंडू घेऊन आपण कुणाला भुलवणार? त्यात आमचा स्क्रमहाफ वजनाला हलका, म्हणून त्याला त्याच पथकाने वरच्या थरासाठी पळवला. कॅप्टन मला म्हणाला, "काका, खालचे गेले, वरचा गेला. मधल्या थरांतलं कुणी आपल्याकडे येईल का, विचारा ना."

प्रॉप नाहीत म्हणजे पहिली रांग नाही. पहिल्या रांगेत शिकलेली माणसं नसतील तर मानेला धोका असतो, म्हणून रेफरी स्क्रम होऊ देतात पण ढकलू देत नाहीत. मग आठ जण एका बाजूने आणि आठ जण दुसऱ्या बाजूने वाकतात, खांद्याला खांदा लावतात, चेंडू आत येतो, बाहेर जातो, आणि कुणीही कुणाला रेटत नाही. रोज लोकलने प्रवास करणाऱ्या माणसाला हे दृश्य अनैसर्गिक वाटतं. आमच्या पोरांना तर जमेचना. सवयीने ढकलायचे आणि पेनल्टी द्यायचे. दहीहंडी १६ ऑगस्टला शनिवारी झाली. दुसऱ्या दिवशी भाऊ सामन्याला आले, पण दोघांचेही हात खांद्याच्या वर जात नव्हते आणि धाकट्याचा आवाज बसला होता. आणखी एक-दोन दिवसांत मुंबईवर जो पाऊस कोसळला त्यात आमचं मैदान दिसेनासं झालं. फक्त देऊळ आणि टेम्पोंची टपं वर होती.

पाणी ओसरल्यावर लक्षात आलं की खांब नाहीत. रग्बीचे खांब मोठ्या इंग्रजी एचच्या आकाराचे असतात. दोन खांबांत पाच पूर्णांक सहा दशांश मीटर अंतर आणि जमिनीपासून तीन मीटरवर आडवी दांडी. विकत घ्यायचे तर क्लब विकावा लागेल, म्हणून आम्ही बांबूचे बांधतो, काथ्याने. ते पुरात वाहून गेले अशी आमची समजूत झाली आणि आम्ही दोन मिनिटं गप्प उभे राहिलो. चार दिवसांनी कॅप्टन गणपतीच्या मंडपावरून जाताना थबकला. स्वागतकमानीला लाल-पांढरे पट्टे होते. आमचेच पट्टे. कमान बरोबर पाच पूर्णांक सहा दशांश मीटर रुंद होती, आणि आडव्या दांडीवर नगरसेवकपदासाठी इच्छुक असलेल्या एका हसऱ्या माणसाचा फ्लेक्स लावला होता.

मंडळाचे अध्यक्ष आमचेच माजी नंबर आठ. "अरे, पडून होते म्हणून घेतले," ते म्हणाले. "विसर्जन झालं की न्या. आणि प्रसाद घेऊन जा." खजिनदार म्हणून मी भाड्याचा विषय काढणार होतो, पण हातात मोदक होता. अनंत चतुर्दशीनंतर खांब परत आले. त्यांच्यावर दिव्यांची माळ गुंडाळलेली होती, ती सोडवायला वेळ नव्हता. पुढच्या सामन्यात आमचा फ्लायहाफ लाथ मारायला उभा राहिला तेव्हा समोरच्या संघाने विचारलं, ही कुठली पद्धत?

गणपतीच्या त्या आठवड्यात जवळजवळ सगळा संघ कोकणात. गाड्यांची आरक्षणं महिनोन् महिने आधी झालेली असतात, आमचं वेळापत्रक आदल्या गुरुवारी ठरतं. सरावाला आल्या त्या फक्त मुली. आमच्या मुलींचा संघ लहान आहे, पण सहाचा सराव असला तर त्या पावणेसहाला बूट बांधून उभ्या असतात. मी एकदा त्यांच्या कॅप्टनला याचं रहस्य विचारलं. ती म्हणाली, "काका, घरी एवढं भांडून निघावं लागतं की मग उशिरा येणं परवडतच नाही." भारताच्या महिला संघाने २०१९मध्ये मनिलात सिंगापूरला २१-१९ असं हरवून पंधरा जणींच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला, तो सामना या पोरींना तोंडपाठ आहे. त्या आठवड्यात गावी न गेलेले सात मुलगे गोळा करून चिटणिसांनी मुली विरुद्ध मुलगे असा टचचा सामना लावला. त्यात पाडायचं नसतं, नुसतं शिवायचं. निकाल मी वहीत लिहिला होता. मुलांच्या विनंतीवरून तो खोडला, पण पेन्सिलने लिहिलेला नसल्यामुळे अजून वाचता येतो.

वही उघडलीच आहे तर हिशोबाचंही सांगतो. संकटात सापडलेल्या रग्बी क्लबाने काय करावं, याचे इतिहासात दोन नमुने आहेत. पहिला कलकत्त्याचा. १८७२च्या नाताळात तिथे साहेबलोकांनी आपसात सामना खेळला आणि १८७३मध्ये कलकत्ता फुटबॉल क्लब काढला. सुरुवातीला सभासदांची झुंबड, कारण क्लबाच्या बारमध्ये दारू फुकट होती. ती बंद झाली आणि लोकांना एकाएकी पोलो आणि टेनिसची गोडी वाटू लागली. काही वर्षांतच क्लब मोडीत निघाला. पण गेला तो ऐटीत. खात्यातली सगळी शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली, वितळवली आणि तिचा चषक घडवला. तीन नागांच्या मुठी, झाकणावर हत्ती. १८७९पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्या कलकत्ता कपासाठी भांडतात. १९८८मध्ये तर दोन्ही संघांतले दोन खेळाडू रात्री तो घेऊन एडिनबरोच्या रस्त्यावर गेले आणि त्यांनी लाथा मारून तो चेपवला. आपली दारू बंद झाल्याचा राग तिसऱ्याच पिढीने काढला म्हणायचा.

आमच्या चिटणिसांना हा इतिहास फार भावला. आपणही शेवट असाच करावा असं त्यांनी सुचवलं. मी नम्रपणे निदर्शनास आणलं की आमची शिल्लक ही मुख्यत्वे येणे बाकी आहे. वितळवायची तर आधी ती वसूल करावी लागेल, आणि ती वसूल झाली तर क्लब बंद करायचं कारणच उरणार नाही.

दुसरा नमुना स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावचा. १८८३मध्ये तिथला क्लब असाच तंगीत होता. नेड हेग नावाच्या खाटकाने स्पर्धा भरवून पैसे उभे करायची कल्पना काढली. पण पंधरा-पंधरांचे इतके सामने एका दुपारी कसे उरकणार? म्हणून सात-सात जण आणि थोडकी मिनिटं. त्या खाटकाने गावच्या क्लबासाठी काढलेली ही तोड २०१६पासून ऑलिंपिकमध्ये आहे. चिटणिसांचे डोळे चमकले. "आपणही सातांचं खेळू!" ते कॅप्टनला म्हणाले. कॅप्टनने शांतपणे विचारलं, "सात कुठून आणता?"

वार्षिक सर्वसाधारण सभा नवरात्रात झाली, कारण मैदानावर गरबा होता आणि करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. गणसंख्या पुरी झाली नाही. नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब केली आणि मग गणसंख्येची अट नसल्यामुळे त्याच माणसांत, त्याच जागी पुन्हा सुरू केली. पदाधिकारी बिनविरोध निवडून आले. माझ्या विरोधात एक अर्ज यावा म्हणून मी बरीच खटपट केली होती. ती वाया गेली. जर्सी धुण्याचं काम आळीपाळीने करावं असा ठराव गेल्या वर्षीप्रमाणे मंजूर झाला. गेल्या वर्षीच्या जर्सी अजून ज्याच्याकडे आहेत तो गैरहजर होता.

शेवटचा विषय प्रायोजकाचा. भागातल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी पुढच्या हंगामाच्या जर्सी द्यायची तयारी दाखवली होती आणि ते स्वतः सभेला आले होते. आमचा त्यांनी बारीक अभ्यास केला होता. आपल्या दवाखान्याचं नाव छातीवर नको, दहा मिनिटांत चिखलाने वाचता येत नाही. पाठीवर हवं, आणि ठळक, म्हणजे पाठलाग करणाऱ्याला दिसेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. "पण डॉक्टर, आमचा पाठलाग कुणी करत नाही," विंगर म्हणाला. "आम्हीच दुसऱ्यांच्या मागे असतो." डॉक्टरांनी जरा विचार केला आणि विचारलं, मग समोरच्या संघांच्या जर्सी कोण पुरवतं. तो विषय कसाबसा मागे वळवल्यावर रकमेवर बोलणं आलं. निम्मे पैसे रोख देईन, निम्मे उपचारांत वळते करून घ्या, अशी त्यांनी अट घातली. सभागृहात कुजबुज झाली. मग मागच्या बाकावरून थोरल्या प्रॉपने कसाबसा एक हात वर केला आणि विचारलं, ऑगस्टमधल्या खांद्याचं बिल यात धरणार का, कारण तो खांदा तसा दहीहंडीच्या खात्यावर जातो.